सरखेल कान्होजी आंग्रे

भिवंडीजवळून वाहणारी कामवारी नदी उल्हासाच्या खाडीस मिळते, आणि तें पाणी पश्चिमेकडे जाऊन वसईस समुद्राला भेटतें. आगगाडी व मोटाररस्ते होण्यापूर्वीं ह्या मुलखाचा राजमार्ग हाच होता. जंगलांतील सागवान, शेतांतील भात, आगरांतील मीठ हें सारें ह्याच पाण्यावरून परगांवीं जाई व परमुलखांतील माल ह्याच पाण्यावरून घरीं येई. परंतु ह्या खाडीच्या बाहेर पडण्याच्या वाटा दोनच. एक वसईकडील व दुसरी ठाण्याकडील. इ. स. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला, आणि तेव्हांपासून सुमारें दोनशें वर्षें ह्या दोन्ही वाटांवर पोर्तुगीजांच्या तोफांचा पहारा राहिला. आपल्याच नदींतून आपलेंच तारूं बाहेर न्यावयाचें, आणि त्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून आलेल्या सत्तेची अनुमति घ्यावयाची! ही अनुमति कोणी मागावी, कोणी द्यावी व कोणत्या अधिकारानें द्यावी, हा प्रश्न ज्या पुरुषानें जन्मभर तोफेच्या तोंडीं उभा राहून विचारला, त्या सरखेल कान्होजी आंग्र्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

तें नीट समजण्यास प्रथम थोडें मागें गेलें पाहिजे. मिरीं, दालचिनी, लवंग, जायफळ ह्या जिनसांस युरोपांत फार मोल येई. हा माल हिंदुस्थान व पूर्वेकडील बेटें येथून निघून अरबी समुद्र ओलांडी, पुढें कांहीं वाट उंटांच्या पाठीवरून चाले आणि शेवटीं व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातीं पडे. प्रत्येक हातागणिक किंमत वाढत जाई. मधले सर्व हात टाळून मूळ ठिकाणींच जाऊन पोंचावें, ह्या हेतूनें पोर्तुगालच्या दर्यावर्दी लोकांनीं आफ्रिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेकडे जाण्याचा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालविला. इ. स. १४८८ त बार्थोलोम्यू दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून परत गेला, आणि इ. स. १४९८ च्या मे महिन्यांत वास्को द गामा कालिकतास येऊन पोंचला. तत्पूर्वींच, इ. स. १४९४ सालीं, स्पेन व पोर्तुगाल ह्या दोन राज्यांनीं तोर्देसिल्याश येथें तह करून नव्यानें सांपडणाऱ्या जगाची आपसांत वांटणी करून टाकली होती. ज्यांचे समुद्र वांटले गेले, त्यांस ह्या वांटणीची वार्ताही नव्हती.

वास्को द गामा येण्यापूर्वीं हिंदी महासागरावर व्यापार नव्हता असें नव्हे. गुजराथी, अरब, इराणी, मलबारी, चिनी अशा नाना देशांचीं तारवें शतकानुशतकें ह्या पाण्यांतून ये-जा करीत होतीं. ज्या बंदरीं माल उतरावयाचा त्या बंदरच्या राजास जकात द्यावी, हा शिरस्ता होता. वाटेंत चांचे लोकांचें भयही होतें. परंतु उघड्या महासागराचा मी धनी, असें म्हणणारा राजा सहसा कोणी नव्हता. पोर्तुगीजांनीं ही रीत पालटली. इ. स. १५०९ त दीवच्या लढाईंत त्यांनीं प्रतिपक्षाचें संयुक्त आरमार मोडलें. पुढच्याच वर्षीं आफोन्सो द आल्बुकेर्क ह्यानें गोवें घेतलें, १५११ त मलाक्का व १५१५ त होर्मुझ हीं व्यापाराचीं नाकीं हस्तगत केलीं. आणि ह्या नाक्यांच्या जोरावर समुद्रावर संचार करणाऱ्या प्रत्येक देशी गलबतानें आपला परवाना घेतला पाहिजे, असा नियम घालून दिला. ह्या परवान्यास ते कार्ताज म्हणत. तारूं कोणाचें, तांडेल कोण, माल कोणता, जाणार कोठें, हें सर्व त्यांत लिहिलेलें असे. आणि परवाना घेणारास पोर्तुगीज बंदरांत जाऊन जकात भरावी लागे. परवान्यावांचून सांपडलेलें गलबत मालासकट जप्त होई. खुद्द अकबर बादशहाच्या घराण्यांतील स्त्रिया हजला निघाल्या, तेव्हां त्यांसही हा परवाना मिळवावा लागला. भूमीवर एवढा प्रबळ असलेला बादशहा समुद्रकांठीं येतांच परक्याच्या कागदाचा आश्रित झाला. आणि ह्याचें कारण एवढेंच कीं, त्यापाशीं समुद्रावर लढणारें आरमार नव्हतें.

पुढें इ. स. १६०० त इंग्रजांची व १६०२ त डच लोकांची व्यापारी कंपनी स्थापन झाली. समुद्र कोणा एकाचा नव्हे, तो सर्वांस मोकळा आहे, असें प्रतिपादन करणारा ग्रंथ ह्यूगो ग्रोशियस ह्या डच पंडितानें १६०९ सालीं प्रसिद्ध केला. तथापि पूर्वेकडे पाय स्थिर होतांच डचांनीं व इंग्रजांनींही आपापले परवाने काढले. मुंबई बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहानें इंग्लंडच्या राजास मिळालें, आणि इ. स. १६६८ त त्यानें तें वार्षिक दहा पौंड खंडानें कंपनीस दिलें. अशा रीतीनें कोंकणच्या एकाच किनाऱ्यावर गोवें, चौल व वसई येथें पोर्तुगीज, मुंबईस इंग्रज आणि जंजिऱ्यास सिद्दी, असे अनेक धनी झाले. ज्यांच्या घराच्या ओट्यापाशीं हा समुद्र येऊन आदळत होता, त्या कोळी, भंडारी व दाल्दी लोकांस मात्र त्यावर कांहीं अधिकार उरला नव्हता.

ही उणीव प्रथम शिवाजी महाराजांनीं ओळखली. इ. स. १६५७ त कल्याण व भिवंडी त्यांच्या हातीं आलीं, आणि त्यानंतर लवकरच येथील खाडींत लढाऊ गलबतें बांधण्यास आरंभ झाला. मराठ्यांच्या आरमाराचा पाळणा आपल्या ह्या खाडीनें हालविला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. ह्या कामावर महाराजांनीं कांहीं पोर्तुगीज कारागीर नेमले होते. परंतु हीं गलबतें उद्यां आपल्याच तोफांखालून समुद्रांत जाणार, हें वसईच्या अधिकाऱ्यांनीं ताडलें, आणि त्या कारागिरांचें मन वळवून त्यांस काम सोडावयास लाविलें. तरीही काम थांबलें नाहीं. इ. स. १६६४ त सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. १६७९ त मुंबईच्या तोंडाशीं खांदेरीचें बेट मराठ्यांनीं ताब्यांत घेतलें, व इंग्रजांच्या विरोधास न जुमानतां राखलें.

ह्याच आरमारांत तुकोजी नांवाचे एक सरदार सुवर्णदुर्गावर चाकरीस होते. त्यांचें मूळ आडनांव संकपाळ. आंगरवाडी ह्या गांवावरून त्यांचें कुळ आंग्रे म्हणूं लागलें. तुकोजींच्या पोटीं इ. स. १६६९ च्या सुमारास कान्होजींचा जन्म झाला. दर्यावर्दी शिपायाच्या मुलाचें शिक्षण जसें व्हावयाचें तसेंच त्यांचें झालें. वारा कोणत्या महिन्यांत कोठून सुटतो, भरती-ओहोटीचें पाणी कोणत्या खडकावर किती चढतें, पावसाळ्यांत गलबत कोठें ओढून ठेवावें, हें सारें ते समुद्राच्या शाळेंतच शिकले.

ते वयांत येतात न येतात तोंच स्वराज्यावर मोठें संकट कोसळलें. इ. स. १६८९ त संभाजी महाराज औरंगजेबाच्या हातीं सांपडून मारले गेले, रायगड पडला, आणि राजाराम महाराजांस दूर जिंजीस जावें लागलें. कोंकणांतील किल्ले एकामागून एक शत्रूच्या हातीं जात होते. अशा वेळीं सुवर्णदुर्गास वेढा पडला असतां किल्लेदाराचा धीर सुटून तो फितुरीच्या विचारांत होता, तेव्हां तरुण कान्होजींनीं लोकांस आपल्या बाजूस वळवून किल्ला हातीं घेतला व तो शेवटपर्यंत लढविला, अशी हकीकत परंपरेनें चालत आलेली आहे. आरमाराचे मुख्य सिधोजी गुजर इ. स. १६९८ त वारले. त्यानंतर आरमाराचा सर्व भार कान्होजींवर येऊन पडला, व सरखेल हा किताब त्यांच्या नांवास कायमचा जडला. अलिबागसमोरील कुलाब्याचा किल्ला त्यांनीं आपलें मुख्य ठाणें केला. दक्षिणेकडे सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग, उत्तरेस खांदेरी, अशी त्यांच्या ठाण्यांची माळ किनाऱ्याच्या गळ्यांत पडली.

कान्होजींचें आरमार जहाजांच्या आकारानें मोठें नव्हतें. त्यांच्या गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या असून मोठ्यांत मोठी सुमारें तीनशें टनांची भरे. गलबतें तर सत्तर टनांच्या आंतबाहेरचीं असत. समोरासमोर, खोल पाण्यांत, एकाशीं एक अशी झुंज लागली, तर युरोपीय युद्धनौकेपुढें त्यांचा टिकाव लागणें कठीण होतें, हें कान्होजी पुरतें जाणून होते; आणि म्हणूनच तशी लढाई ते होतां होईतों देत नसत. वारा पडला म्हणजे शिडाचें मोठें जहाज जागच्या जागीं खिळून राही. मग वल्ह्यांचीं गलबतें गुराबांस ओढून त्याच्या मागच्या अंगास नेत, कारण तेथें तोफा थोड्या असत. मोठें जहाज पाठलागावर आलें, तर हीं तारवें उथळ खाड्यांत शिरत, आणि तेथें त्याचा तळ चिखलास लागे. जवळच किल्ला असे व किल्ल्यावर तोफा असत. निसर्गानें कोंकणास खडक व खाड्या दिल्या होत्या, त्यांचेंच त्यांनीं शस्त्र केलें. जातीचा, धर्माचा वा देशाचा विचार न करितां जो आपल्या कामांत निपुण असेल त्यास ते चाकरीस ठेवीत. कोळी, भंडारी व मुसलमान खलाशांबरोबर कांहीं युरोपीय लोकही त्यांच्या पदरीं होते.

ह्या बळावर कान्होजींनीं एक साधी पण मोठ्या परिणामाची गोष्ट केली. कोंकणच्या किनाऱ्यानें जाणाऱ्या व्यापारी गलबतांनीं सरखेलांचें दस्तक घेतलें पाहिजे व त्याबद्दल ठरलेली पट्टी दिली पाहिजे, असें त्यांनीं जाहीर केलें. दस्तक असेल त्यास संरक्षण, नसेल त्याची जप्ती. हा नियम नवा नव्हता. पोर्तुगीजांनीं दोनशें वर्षें जें चालविलें, तेंच हें. फरक इतकाच कीं, परवाना देणारा आतां ह्या किनाऱ्याचा रहिवासी होता आणि तो घेण्याची पाळी परक्यांवर आली होती. मुंबईच्या इंग्रजांस हें मानवलें नाहीं. त्यांनीं कान्होजींस चांचा ठरविलें, आणि पुढील काळीं इंग्रजी इतिहासकारांनींही बहुधा तोच शब्द पुढें चालविला. वस्तुतः सरखेलांची नेमणूक छत्रपतींकडून झालेली होती, त्यांचे किल्ले स्वराज्यांतील होते, आणि त्यांच्याशीं इंग्रजांनीं तहही केले होते. चांच्याशीं कोणी तहनामे लिहीत नाहीं.

इ. स. १७१२ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या गव्हर्नराची स्वतःची नौका कान्होजींच्या आरमारानें पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीचा मुख्य चाऊन हा होता. तो लढाईंत ठार झाला व त्याची पत्नी बंदींत पडली. पुढें तीस हजार रुपये घेऊन त्या बाईस सोडण्यांत आलें, आणि त्याबरोबरच इंग्रजांशीं तह झाला. परंतु तो फार दिवस टिकला नाहीं. कंपनीच्या निशाणाखालीं केवळ कंपनीचाच माल जात असे असें नाहीं. तिच्या नोकरांचा खासगी माल व मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्यांचा मालही त्याच निशाणाच्या छायेखालीं सरखेलांची पट्टी चुकवून जाई. कंपनीस दिलेली सवलत कंपनीपुरतीच, असें कान्होजींचें म्हणणें. आमच्या निशाणाखालचें सर्व आमचेंच, असें इंग्रजांचें म्हणणें. ह्या एका वादांतून पुढील सर्व युद्ध उद्भवलें.

ह्याच सुमारास देशावर शाहू महाराज व ताराबाई ह्यांचा कलह चालू होता, व कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. शाहू महाराजांनीं त्यांवर पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे हे कान्होजींच्या हातीं कैद झाले. लोहगड व राजमाची हे घाटावरील किल्लेही त्यांनीं घेतले. सातारा संकटांत आहे असें वाटूं लागलें. तेव्हां इ. स. १७१३ च्या नोव्हेंबरांत पेशवाईचीं वस्त्रें मिळालेले बाळाजी विश्वनाथ स्वतः कान्होजींस भेटले आणि त्यांनीं युद्धाऐवजीं समेट घडवून आणला. कान्होजींनीं शाहू महाराजांस धनी मानलें. महाराजांनीं त्यांचें सरखेलपद व त्यांचे किल्ले कायम केले. ज्याच्या हातीं विजय दिसत होता, त्या पुरुषानें घरचें भांडण मिटविण्यासाठीं हात आंखडता घेतला, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही लढाईइतकीच मोलाची आहे.

इ. स. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. कान्होजींचा बीमोड करणें हें त्यानें आपलें मुख्य कार्य ठरविलें व त्यासाठीं नवीं जहाजें बांधविलीं. विजयदुर्गावर चाल झाली, ती फसली. १७१८ त खांदेरीवर मोठी स्वारी झाली, तीही फसली. १७२० त विजयदुर्गावर तोफा डागण्यासाठीं एक तरता तोफखाना मुद्दाम तयार करण्यांत आला. त्याचाही कांहीं उपयोग झाला नाहीं. अखेर इंग्लंडच्या राजाच्या आरमारांतील युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज मुंबईस आला. १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनीं मिळून समुद्राकडून व जमिनीकडून एकाच वेळीं कुलाब्यावर हल्ला केला. त्यांजपाशीं सुमारें सहा हजार लोक होते. परंतु किल्ला हालला नाहीं, साताऱ्याहून आलेलें मराठ्यांचें घोडदळ शत्रूच्या तळावर चालून गेलें, आणि दोघां मित्रांत एकमेकांविषयीं संशय माजला. १७२२ च्या आरंभीं पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं वेगळा तह केला. इंग्रज हात हालवीत मुंबईस परतले. १७२४ त डचांनीं सात युद्धनौकांनिशीं विजयदुर्गावर हल्ला केला, त्यांसही माघार घ्यावी लागली. हिंदुस्थानच्या समुद्रावर सत्ता गाजविणाऱ्या तीन युरोपीय राष्ट्रांस एका कोंकणी सरदारानें आपल्या दारांतून परत लाविलें होतें. इ. स. १७२९ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस कान्होजींचें देहावसान झालें. त्यांची समाधि अलिबागेस आहे.

थोर पुरुषाच्या चरित्रांत त्याच्या दोषांवर पडदा टाकणें उचित नव्हे. कान्होजींच्या दस्तकाचा भार केवळ बलाढ्य कंपनीवर पडत नसे; ज्याचें सर्वस्व एका गलबतांत भरलेलें आहे, अशा लहान व्यापाऱ्यावरही तो पडे. त्यास पोर्तुगीजांचा परवाना, इंग्रजांचा परवाना व सरखेलांचें दस्तक ह्या तिघांतून वाट काढावी लागे. आणि त्याचें तारूं जप्त झालें म्हणजे त्याच्या घरीं जो आकांत होई, तो जप्ती करणाराची भाषा मराठी होती म्हणून कमी होत नसे. न्यायाच्या तराजूंत हेंही घातलें पाहिजे. तथापि ज्या काळीं समुद्रावर दुसरा कायदाच उरला नव्हता, त्या काळीं त्यांनीं परक्यांचाच कायदा परक्यांस लागू करून दाखविला, आणि तो किती अन्यायाचा आहे हें त्यांच्या स्वतःच्या अनुभवास आणून दिलें.

त्यांच्या मागें काय झालें, हें वाचतांना मन विषण्ण होतें. पुत्रांत दुही माजून कुलाबा व विजयदुर्ग अशा दोन शाखा झाल्या. १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली आणि आपल्या खाडीचें तोंड दोन शतकांनंतर मोकळें झालें. परंतु समुद्रावरील बळ मात्र ओसरतच गेलें. कान्होजींचे पुत्र तुळाजी ह्यांचें व पेशव्यांचें वांकडें आलें, तेव्हां पेशव्यांनीं इंग्रजांचें साहाय्य घेतलें. १७५५ त सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह ह्यांनीं विजयदुर्ग घेतला, आणि बंदरांत एकत्र उभें असलेलें आंग्र्यांचें आरमार जळून भस्म झालें. जें तीन परकी राष्ट्रांस तीस वर्षांत साधलें नाहीं, तें घरच्या वैरानें एका दिवसांत साधून दिलें. पुढच्याच वर्षीं, १७५७ त, त्याच क्लाइव्हनें प्लासीची लढाई जिंकली. आणि १८१८ त पेशवाईही बुडाली. समुद्र गेला तेव्हांच भूमि जाण्यास आरंभ झाला होता. तें ध्यानांत येण्यास मात्र साठ वर्षें लागलीं.

विद्यार्थिमित्रहो, वास्को द गामापासून क्लाइव्हपर्यंतचा इतिहास आपण बहुधा परक्या जहाजांच्या डेकावरून वाचतों. कान्होजींचें चरित्र तोच इतिहास किनाऱ्यावर उभें राहून पाहण्यास शिकवितें. त्या दर्यावर्दी लोकांचें धाडस, त्यांचें नौकाशास्त्र व त्यांची चिकाटी हीं खरोखर अनुकरणीय होतीं. परंतु शोधलेल्या वाटेवर मालकी सांगण्याचा हव्यास त्यांच्या मागोमाग आला, आणि त्यानें अनेक राष्ट्रांचें स्वातंत्र्य हिरावलें. स्वतंत्र भारतानें इ. स. १९५१ त मुंबईतील आपल्या नौदलाच्या तळास आंग्र्यांचें नांव दिलें. आणि समुद्र कोणाचा, ह्या जुन्या प्रश्नास इ. स. १९८२ सालीं झालेल्या राष्ट्रांच्या करारानें उत्तर दिलें तें असें कीं, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर त्या किनाऱ्याच्या देशाची सत्ता. परंतु निरुपद्रवी जहाजास तेथूनही जाण्याची मोकळीक असावी, व केवळ वाटेनें गेल्याबद्दल त्याजपासून पट्टी घेऊं नये. ह्या उत्तराच्या पहिल्या अर्धांत कान्होजींचा हक्क मान्य झाला आहे, आणि दुसऱ्या अर्धांत त्या लहान व्यापाऱ्याचा.